कोन्याक मातीतून उगवलं नाही

फ्रान्सच्या पश्चिमेला शारांत नावाची नदी आहे. तिच्या काठी कोन्याक नावाचं शहर आहे. वस्ती जेमतेम वीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या कित्येक तालुक्याच्या गावांपेक्षा लहान. तिथल्या जुन्या गोदामांच्या भिंती आणि कौलं काळी पडलेली दिसतात. ती काजळी नाही, बुरशी आहे. ओकच्या पिंपांत वर्षानुवर्षं मुरत ठेवलेल्या ब्रँडीचा थोडा अंश लाकडातून हवेत उडून जातो आणि त्या वाफेवर ही बुरशी पोसते. बोदँ नावाच्या औषधनिर्मात्याने १८७२ मध्ये तिची नोंद केली. आज तिच्या शास्त्रीय नावात त्याचंही नाव आहे आणि गावाचंही. उडून जाणाऱ्या या ब्रँडीला तिथे 'देवदूतांचा वाटा' म्हणतात.

नाव इतकं गोड आहे की पुढचा प्रश्न विचारायचं सुचतच नाही. देवदूतांचा वाटा ठरला, पण बाकीच्यांचा? वेली छाटणाऱ्याचा किती, पिंप बांधणाऱ्याचा किती, बाटल्या भरणाऱ्याचा किती?

कोन्याकबद्दल विमानतळावरची ड्यूटी-फ्री दुकानं, पर्यटनाच्या रील्स आणि बाटलीवरची लेबलं एकच गोष्ट सांगतात. खडूसारखी पांढरी माती, समुद्रावरून येणारी हवा, पिढ्यान्‌पिढ्यांचे हात आणि जगात दुसरीकडे कुठेच होणार नाही अशी चव. फ्रेंच लोक याला 'तेर्वार' म्हणतात. माती, हवामान आणि माणसांची रीत यांचा मिळून उतरलेला गुण, असा त्याचा साधारण अर्थ.

माझं म्हणणं असं की ही गोष्ट अर्धीच खरी आहे, आणि अर्ध्या खऱ्या गोष्टीच जास्त फसवतात. कोन्याक मातीतून आपोआप उगवलेलं नाही. मीठ, धर्मयुद्धं, परदेशी व्यापारी, एक किडा आणि सरकारी राजपत्र यांनी मिळून ते घडवलं आहे. ही दुसरी अर्धी गोष्ट सांगितली जात नाही, कारण ती सांगितली की वाट्याचा प्रश्न निघतो.

मीठ, डच आणि उकळलेली वाइन

दारूच्या आधी हे गाव मिठावर मोठं झालं. समुद्रकाठचं मीठ सपाट तळाच्या होड्यांतून शारांत नदीने वर यायचं. जुन्या वस्तीतल्या एका रस्त्याला आजही मीठ व्यापाऱ्यांचंच नाव आहे. नदीकाठच्या किल्ल्यात १४९४ मध्ये पुढे फ्रान्सचा राजा झालेला पहिला फ्रान्स्वा जन्मला. १५७० च्या तहात प्रोटेस्टंटांना सुरक्षित म्हणून जी चार शहरं मिळाली, त्यांत कोन्याक होतं. पुढे १६८५ मध्ये राजाने प्रोटेस्टंटांचे हक्क काढून घेतले, तेव्हा कित्येक कुटुंबं हॉलंड आणि इंग्लंडला निघून गेली. घरं तुटली, पण त्यातून व्यापाराचे धागे जुळले.

मिठासाठी येणाऱ्या डच जहाजांनी इथली वाइनही न्यायला सुरुवात केली. ती वाइन हलकी, आंबट, कमी अल्कोहोलची. लांबच्या प्रवासात ती टिकेना. मग डचांनी तिला उकळून तिचा अर्क काढायची रीत धरली. सुमारे नऊ लिटर वाइन आटवली की एक लिटर अर्क हाती येतो. जागा कमी लागते, माल खराब होत नाही. या अर्काला ते 'ब्रांडवाइन' म्हणजे जाळलेली वाइन म्हणत. त्यातूनच ब्रँडी हा शब्द आला. म्हणजे ज्या पेयाला आपण फ्रेंच ऐटीचं शिखर मानतो, त्याचं नाव डच आहे आणि जन्माचं कारण जहाजातली जागा वाचवणं हे आहे.

आता मोठमोठ्या कंपन्यांची नावं बघा. १७१५ मध्ये धंदा मांडणारा मार्टेल हा जर्सी बेटावरचा. १७६५ मध्ये सुरुवात करणारा हेनेसी हा आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातून येऊन फ्रेंच राजाच्या फौजेत लढलेला शिपाईगडी. हाइन हा इंग्लंडमधल्या डॉर्सेटचा. बाटलीवरची व्हीएस, व्हीएसओपी, एक्सओ ही अक्षरंसुद्धा इंग्रजी शब्दांची आहेत, कारण मोठं गिऱ्हाईक इंग्रज होतं. फ्रेंच परंपरेच्या बाटलीवर फ्रेंच माणसासाठी लिहिलेलं फारसं काही नाही. आजही इथली ९५ टक्क्यांहून जास्त ब्रँडी देशाबाहेर जाते.

आणि हा माल कुठे कुठे गेला तेही सांगायला हवं. अठराव्या शतकात जवळचं ला रोशेल हे बंदर फ्रान्सच्या गुलाम व्यापाराच्या मुख्य बंदरांपैकी एक होतं. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसं विकत घेताना जो माल दिला जाई, त्यात कापड, बंदुका यांच्याबरोबर ब्रँडीची पिंपंही असत. मातीच्या गोष्टीत हा किनारा कुठेच येत नाही.

वेल इटलीची, मुळं टेक्ससची

१८७० च्या दशकात फिलॉक्सेरा नावाचा मुळं खाणारा अमेरिकन किडा शारांतच्या मळ्यांत शिरला. सुमारे पावणेतीन लाख हेक्टरवरची द्राक्षवेल वीसेक वर्षांत चाळीस हजार हेक्टरच्या आसपास येऊन ठेपली. शेतकरी देशोधडीला लागले.

उपाय एकच होता. ज्या अमेरिकेतून किडा आला, तिथल्या वेलींच्या मुळांना तो मारत नव्हता. त्या मुळांवर फ्रेंच वेलींचं कलम करायचं. पण इथे खुद्द कोन्याकची ती विख्यात माती आडवी आली. चुनखडीच्या जमिनीत बहुतेक अमेरिकन मुळं तगेनात, पानं पिवळी पडून वेली मरू लागल्या. म्हणून १८८७ मध्ये प्येर व्हिआला हा तज्ज्ञ अमेरिकेला गेला. टेक्ससमधल्या डेनिसन गावच्या टी. व्ही. मन्सन या फळबागतज्ज्ञाने त्याला तिथल्या चुनखडीच्या टेकड्यांवरच्या रानवेली दाखवल्या. त्यांच्या मुळांनी कोन्याक वाचवलं. १८८८ मध्ये फ्रेंच सरकारने मन्सनचा सन्मान केला. कोन्याक आणि डेनिसन आज भगिनी-शहरं आहेत.

कलमानंतर जुनी फॉल ब्लांश ही जात लवकर सडू लागली, म्हणून तिची जागा 'युन्यी ब्लां' या जातीने घेतली. आज इथली जवळजवळ सगळी लागवड तिचीच आहे. ही जात मूळची इटलीची, तिथे तिला त्रेब्यानो म्हणतात.

म्हणजे हिशेब असा झाला: वेल इटलीची, मुळं टेक्ससची, युक्ती डचांची, दुकानदार आयरिश आणि इंग्रज. मग माती काहीच करत नाही का? करते. खडूची जमीन पाणी धरून ठेवते आणि कोरड्या उन्हाळ्यात वेलीला पुरवते. इथल्या हवेत द्राक्षात आंबटपणा टिकतो आणि साखर बेताची राहते. अर्क काढायला असंच द्राक्ष लागतं. हे सगळं खरं आहे. पण माती ही या गोष्टीतली एक मजूर आहे. तिला मालकीण म्हणून पुढे करतात, ते खरे मालक मागे उभे राहावेत म्हणून.

दुसरं कलम

मराठीत कलम शब्दाचे दोन अर्थ आहेत: एक झाडाचं, दुसरं कायद्याचं. कोन्याक या दोन्ही कलमांवर उभं आहे.

फिलॉक्सेराने मळे ओस पडले, तेव्हा भलतीसलती दारू कोन्याकच्या नावाने विकली जाऊ लागली. उत्तर म्हणून १ मे १९०९ रोजी सरकारी आदेशाने नकाशावर रेघ ओढली गेली. या रेघेच्या आत पिकलेलं आणि इथेच आटवलेलं तेच कोन्याक. १९३६ मध्ये नियम आणखी घट्ट झाले. अर्क तांब्याच्याच भांड्यात दोनदा काढायचा, तो ३१ मार्चच्या आत काढून संपवायचा, निदान दोन वर्षं ओकच्या पिंपात ठेवायचा. प्रदेशाचे सहा भाग पाडले आणि त्यांना वरखाली दर्जा दिला. १९४६ मध्ये शेतकरी आणि व्यापारी या दोघांचे प्रतिनिधी असलेलं व्यवसायमंडळ आलं. कुठल्या साली किती उत्पादन घ्यायचं, ते तिथे ठरतं.

मला हे कलम आवडतं, हे स्पष्टच सांगतो. परंपरा अशीच टिकवावी लागते. नुसत्या अभिमानाने ती टिकत नाही, नियम, नोंदी, तपासणी आणि दंड यांनी टिकते. या रेघेमुळेच कोन्याकचा मळा उचलून दुसऱ्या स्वस्त देशात नेता येत नाही. जगभर कारखाने स्थलांतर करत असताना एका लहान गावाला मिळालेलं हे मोठं संरक्षण आहे.

पण कायद्याने नाव गावाला बांधलं, फायदा गावाला बांधला नाही. चार हजारांहून जास्त शेतकरी द्राक्षं पिकवतात. विक्रीचा फार मोठा भाग मात्र चार कंपन्यांच्या हातात आहे. हेनेसी एलव्हीएमएच या चैनीच्या वस्तूंच्या साम्राज्यात आहे आणि त्या दारू विभागात डिआजिओ या ब्रिटिश कंपनीची ३४ टक्के भागीदारी आहे. मार्टेल पेर्नो रिकारकडे आहे. कुर्व्हाझिए जपानी मालकीच्या समूहाकडून २०२४ मध्ये इटलीच्या काम्पारीकडे गेली. चौथी, रेमी मार्तां, रेमी क्वांत्रो समूहात. माती जागची हलत नाही, पण मातीवरचं नाव शेअर बाजारात हात बदलत राहतं.

किंमत कोण तयार करतं, हाही प्रश्न आहेच. अमेरिकेत कोन्याकचं सर्वांत निष्ठावान गिऱ्हाईक आफ्रिकन-अमेरिकन समाज राहिला आहे. गोऱ्यांसाठीच्या जाहिरातींचा तो काळ होता, तेव्हा १९५० च्या दशकात हेनेसीने 'एबनी' या कृष्णवर्णीयांच्या मासिकात जाहिराती दिल्या. पुढे हिप-हॉपने हे नाव गल्लोगल्ली नेलं. २००२ च्या सुमारास बस्टा राइम्सच्या गाण्यात कुर्व्हाझिएचं नाव आलं आणि त्या बाटलीची चर्चा तरुणांत पसरली. ज्या ब्रँडीच्या पिंपांनी एके काळी माणसं विकत घेतली गेली, तिला विसाव्या शतकात त्याच माणसांच्या वंशजांनी प्रतिष्ठा मिळवून दिली. तेर्वारच्या पुस्तिकेत त्यांना एक ओळसुद्धा नाही.

वादळ आलं की शेतकरी पुढे

मातीची गोष्ट किती पोकळ आहे, ते गेल्या काही वर्षांत उघड्यावर आलं. २०२२ मध्ये २१ कोटींहून जास्त बाटल्या बाहेर गेल्या. २०२३ मध्ये आकडा साडेसोळा कोटींच्या आसपास घसरला. तेजीच्या काळात शेतकऱ्यांना सांगितलं होतं, लावा, आणखी लावा. वेल लावली की पीक हाती यायला तीन-चार वर्षं जातात. या शेतकऱ्यांची वेल फळाला आली तेव्हा बाजार बसला होता.

त्यावर चीन आला. युरोपीय संघाने चिनी इलेक्ट्रिक गाड्यांची चौकशी सुरू केली. उत्तरादाखल चीनने जानेवारी २०२४ मध्ये युरोपीय ब्रँडीची चौकशी मांडली. गाडीचा राग दारूवर निघाला. शारांतच्या शेतकऱ्याने आयुष्यात एकही बॅटरी बनवलेली नाही, पण दंड त्याला. सप्टेंबर २०२४ मध्ये शेतकरी ट्रॅक्टर घेऊन कोन्याकच्या रस्त्यांवर उतरले. जुलै २०२५ मध्ये चीनने पाच वर्षांसाठी २७.७ ते ३४.९ टक्क्यांपर्यंत शुल्क पक्कं केलं. ठरलेल्या किमान दराने विकायचं कबूल करणाऱ्या कंपन्यांना त्यातून सूट मिळाली. मोठ्यांनी वाट काढली.

मधल्या काळात, नोव्हेंबर २०२४ मध्ये, आणखी बोलकी गोष्ट घडली. शुल्क चुकवण्यासाठी ब्रँडी मोठ्या टाक्यांतून चीनला न्यायची आणि बाटल्यांत तिथे भरायची, असा बेत हेनेसीने आखला. कामगारांनी काम बंद केलं. कंपनीला तो बेत बाजूला ठेवावा लागला. जे लोक रोज सांगतात की या मालाचा आत्मा या मातीत आहे, त्यांनी अडचण येताच त्या आत्म्याला टाकीत भरून जहाजावर चढवायची तयारी केली. मातीशी इमान राखलं ते बाटल्या भरणाऱ्यांनी. तेही कवितेपोटी नाही, पोटासाठी. मला ते इमान जास्त खरं वाटतं.

आता उत्पादनाची मर्यादा खाली आणली जाते आहे आणि वेली उपटण्याच्या योजनांवर बोलणी चालू आहेत. लावायला सांगणारे आणि उपटायला सांगणारे एकाच टेबलाभोवती बसतात. लावायचा खर्च आणि उपटायचं दुःख मात्र एकाच्याच घरी जातं.

या गावाने जगाला झां मॉने दिला हे विसरून चालणार नाही. १८८८ मध्ये कोन्याक विकणाऱ्या घरात जन्मलेला हा माणूस. सोळाव्या वर्षी शाळा सोडून घरची ब्रँडी विकायला देशोदेशी हिंडला. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्स आणि जर्मनीचा कोळसा-पोलाद एकत्र बांधायची कल्पना त्याने मांडली आणि त्यातून पुढे युरोपीय संघ उभा राहिला. आपलं जगणं परक्यांशी जोडलेलं आहे, हे तो घरातच शिकला होता. त्याने पायाभरणी केलेल्या संघाने गाड्यांवर लावलेल्या शुल्काचा फटका त्याच्याच गावाला बसला. त्याच्या कल्पनेचा यात दोष नाही. पण जोडलेल्या जगात जोखीमही वाटून घ्यावी लागते आणि ती कोणीच वाटून घेतली नाही.

हे आपल्याला कशाला?

कारण कोन्याक हे नाव भारतातही भौगोलिक मानांकन म्हणून नोंदलेलं आहे. आपल्याकडे उसाच्या मळीच्या स्पिरिटपासून केलेल्या दारूवर 'ब्रँडी' लिहून ती बिनधास्त विकता येते, पण तिला 'कोन्याक' म्हणता येत नाही. शारांतच्या शेतकऱ्याचं नाव आपला कायदा राखतो. चांगलंच आहे. मग आपल्या नावांचं काय?

ज्या काळात फ्रेंच सरकार आपल्या अर्कासाठी नकाशावर रेघ ओढायच्या वाटेवर होतं, त्याच काळात मुंबई इलाख्यात काय चाललं होतं बघा. १८७८ च्या आबकारी कायद्याने दारू गाळणं सरकारच्या मुठीत आलं. १८९२ च्या कायद्याने ठाणे-कुलाब्याकडे मोहाच्या फुलांवरच निर्बंध आले, कारण घरी गाळलेल्या दारूने महसूल बुडत होता. आदिवासी बाईच्या परसातलं फूल पोलिसांच्या नजरेत मुद्देमाल झालं. दोन्हीकडे अर्कच होता, भट्टी होती, पिढ्यांचं ज्ञान होतं. एकीकडे सरकारने त्याला संरक्षण दिलं, दुसरीकडे बेड्या. मोहाची दारू 'गावठी' आणि कोन्याक 'हेरिटेज' हा फरक चवीचा नाही, राजपत्राचा आहे.

गोव्याने तो फरक थोडा मोडला. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये राज्याने तिला वारशाचं पेय ठरवलं. आणि काजू कुठला? ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी आणलेला. हापूसच्या नावात अफोन्सो हा पोर्तुगीज माणूस दडलेला आहे आणि तोही कलमाचाच आंबा. म्हणून फेणी कमी गोव्याची होत नाही, हापूस कमी कोकणचा होत नाही. ज्यांनी तीनशे-चारशे वर्षं राबून त्या गोष्टी आपल्याशा केल्या, त्यांच्या त्या आहेत.

तेव्हा कोणी 'आपल्या मातीतलं, अस्सल, शुद्ध' असं म्हणत मानांकनाचा शिक्का दाखवायला आला, तर भारावून जाऊ नका. नाव कोणाच्या नावावर नोंदलं आहे ते विचारा. दर ठरवणाऱ्या खोलीत पिकवणारा बसतो का? तेजीत लागवड करायला सांगणारा मंदीत तोट्यात भागीदार असतो का? माल मुरत असताना व्याज कोण भरतं? तीनशे वर्षांचा अनुभव, कडक कायदा आणि महाग बाटली असूनही कोन्याकच्या शेतकऱ्याला यांची उत्तरं मागायला ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर यावं लागलं. आपण आत्ता कुठे शिक्के गोळा करू लागलो आहोत. हे प्रश्न शिक्क्याच्या अर्जातच लिहून घेतले पाहिजेत.